एका चाकाचं गिऱ्हाईक

मु. टाकळी, ता. चाळीसगाव
आषाढ वद्य पंचमी, मंगळवार

तीर्थस्वरूप रुपचंदभाऊंना धाकट्या अभिमनचा साष्टांग नमस्कार.

इकडे आई, मंजुळा, मी आणि दोन्ही बैल ठीक आहोत. तुम्ही, वहिनी आणि गच्चीवरच्या कुंडीतला शेवगा ठीक असाल असं धरून चालतो. गुडघा कसा आहे? वहिनींची साखर खाली आली का? आणि पावसाळी हवेत तुमचं उजवं मनगट अजून ठणकतं का? (मनगटाचं विचारताना मला जरा अवघडल्यासारखं होतं, पण तब्येत विचारायचीच तर अख्खी विचारावी.) हे पत्र हातात पडल्यावर तुम्ही चष्मा शोधाल, आणि तो सापडेपर्यंत वहिनींना म्हणाल की अभिमनला काहीतरी हवं असणार. तर आधीच सांगून टाकतो, मला तुमच्याकडून काहीही नको आहे. मग फोन का केला नाही, असंही म्हणाल. फोनवर तुम्ही नुसतं ‘बोल’ म्हणता, वर्गात उभं केल्यासारखं, आणि मला पाऊसपाण्याच्या पुढे काही सुचत नाही. गेल्या बावीस वर्षांत आपण फोनवर जेवढा पाऊस बोललो तेवढा चाळीसगाव तालुक्यात पडलेला नाही.

विषय असा, की मी आबांचा ट्रॅक्टर पुन्हा चालता करायला घेतलाय. म्हणजे त्यातला माझ्या वाटणीचा. हकिकत तुम्हाला पाठ आहे, पण एकाच हकिकतीत तुमचं वेगळं आणि माझं वेगळं असतं, म्हणून माझ्याकडची लिहितो. चौऱ्याहत्तर साली तो पंधरा घोड्यांचा लाल ट्रॅक्टर गावात आला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि तुम्ही सोळाचे. आल्या दिवशीच तुम्ही तो चिंचेवर घातलात आणि बॉनेटला डाव्या अंगाने ही एवढी खोक पडली. आबा त्याला लालजी म्हणत. पोळ्याला बैलांच्या आधी त्याला ओवाळत, बॉनेटवर खापरावरचा पुरणाचा मांडा ठेवत, आणि गरम पत्र्यावर तो मांडा कुरकुरीत झाला की आपण दोघं अर्धा अर्धा खात असू. पुढे आबा गेले, वर्षभरात वाटणी आली. शेत वाटलं, विहिरीचे वार वाटले, गोठा वाटला, आणि लालजीपाशी घोडं अडलं. तुम्ही म्हणालात की याच्यापायी माझं मनगट मोडलंय. मी म्हणालो की हँडल धड मारता येत नव्हतं म्हणून मोडलं. तोताराममामा पंच म्हणून आले होते. त्यांनी दुपारपर्यंत दोघांचं ऐकून घेतलं आणि मग पाना मागवला. दिवेलागणीपर्यंत इंजिन आणि गिअरबॉक्स माझ्या ओसरीवर, आणि बॉनेट, स्टिअरिंग, पुढचा आस, सीट तुमच्या ओसरीवर. मागची चाकं दोन होती, म्हणून एक तुम्हाला, एक मला. सुरू करायचं हँडल सुटं निघतं, ते तुमच्याकडे गेलं. एका चाकावर कोणी नांगरत नाही हे पंचांना, तुम्हाला, मला किंवा बघायला जमलेल्या साठ-सत्तर माणसांना, कोणालाच सुचलं नाही. उलट वाटणी कशी सरळ झाली म्हणून सगळे मामांचं कौतुक करत चहा पिऊन गेले.

पुढे धुळ्याच्या शाळेत बदली झाली तेव्हा तुम्ही तुमचा भाग ट्रकमध्ये चढवलात. तो तिकडे भंगारात गेला असणार असं मी धरून चाललो. (नुसतं धरून चाललो नाही, गावभर सांगितलंही. त्याचं पुढे येतंय.) माझा भाग गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून राहिला. त्यावर मंजुळा उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे वाळत घाली आणि एक कोंबडी क्लचच्या पोकळीत अंडी घाली. आई मात्र दर पोळ्याला गोणपाट उचलून इंजिनावर मांडा ठेवायची. गेल्या पोळ्याला तिने तो ठेवला आणि तिथेच बसून राहिली. मी उठवायला गेलो तर म्हणाली, “यंदा मी शे. पुढला पोळाले ऱ्हासू का नही, काय माहित. हाऊ लालजी एकडाव गावदरवाजातून येतांना माले दखाड.” आईने आजवर माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. शहाऐंशी वर्षांच्या बाईने पहिल्यांदा काही मागावं आणि ते अर्ध्या ट्रॅक्टरचं असावं, हे आमचं नशीब.

म्हणून चाळीसगावचा जामसिंग मिस्त्री आणला. तुम्ही त्याला बघितलेलं नाही. मूळचा शिरपूरच्या वरच्या अंगाला सातपुड्यातल्या पाड्यावरचा, आणि जुन्या डिझेल इंजिनांत त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने आधी बंद इंजिनाला कान लावला, दोन ठिकाणी बोटाने वाजवलं आणि जित्तं आहे असं सांगून चहा मागितला. उघडलं तर आत उंदरांनी माझ्याच शेतातला कापूस भरून ठेवलेला, पाटीभर सरकी निघाली, आणि पिस्टन असा चिकटलेला की मी घण आणायला उठलो. जामसिंगने हात धरून बसवलं. त्याची रीत अशी, की डिझेल आणि ब्रेक ऑइल एकत्र करून रोज सकाळी वाटीभर पिस्टनवर घालायचं, एकवीस दिवस, आणि घाई करायची नाही. मी अंघोळ करून रोज नेमाने घालत होतो. मंजुळा म्हणाली, लग्नाला सदतीस वर्षं झाली, मला एक दिवस सकाळचा कपभर चहा मिळाला नाही. बाविसाव्या दिवशी पिस्टन केसभर हलला आणि मी एवढा आनंदलो की तिलाही चहा करून दिला. तो तिने संशयाने प्यायला.

संशय बरोबर होता, कारण मला तिचा पापडखार हवा होता. जुने भाग सोड्याच्या पाण्यात उकळले की वर्षानुवर्षांचं तेलकट कीट सुटतं. त्या दिवशी दुकानं बंद, आणि घरात आमच्या अख्ख्या गल्लीच्या पापडांचा खार डबाभर होता. मी थोडासाच घेणार होतो. पण गिअर स्वच्छ व्हायला लागले की माणसाचा हात थांबत नाही. भाग निघाले नव्यासारखे, आणि ज्या पातेल्यात उकळले ते, मंजुळाच्या माहेरचं अल्युमिनियमचं, काळंठिक्कर. यंदा आमच्या गल्लीतले पापड भाजले की फुलत नाहीत, नुसते बघत राहतात. बायकांनी आमच्याकडे येणं बंद केलं होतं. आता येतात, पण मी दिसलो की डबे झाकतात.

पुढचा आस पहूरला मिळाला. तिथे एका शेतकऱ्याने तो शेताच्या फाटकाला आडवा लावला होता. फाटकाशिवाय तो द्यायला तयार होईना, म्हणून फाटकासकट आणला. स्टिअरिंग एका मोडीत निघालेल्या जीपचं. इंजिन अजून सुरू नव्हतं, तरी चाल बघावी म्हणून शेजारच्या हितेंद्रला बोलावलं. (त्याच्या नव्या ट्रॅक्टरवर चढायला तीन पायऱ्या आहेत आणि वर गेला की तो माणसांशी बोलत नाही.) दोर बांधला, तो ओढायला लागला, मी स्टिअरिंगवर. माझ्याकडे मागचं दुसरं चाक तेव्हा नव्हतं, तिथे बैलगाडीचं लावलं होतं, त्यामुळे मी जरा तिरका होतो, पण ऐटीत होतो. देवळापाशी डावीकडे वळायचं होतं. मी डावीकडे फिरवलं आणि गाडी उजवीकडे गेली. उजवीकडे जातेय म्हणून मी आणखी जोरात डावीकडे फिरवलं. अशा रीतीने सरपंचांच्या कडब्याच्या गंजीत मी मनापासून शिरलो. दोर तुटला. हितेंद्र तीन पायऱ्यांवरून बघत असल्याने त्याला हे पुढच्या चौकात कळलं. जामसिंग गंजीभोवती फिरून आला, जीपच्या स्टिअरिंगची पेटी उलट्या अंगाने बसली होती ते त्याला दिसलं, पण चूक त्याचीच असल्याने त्याने ती माझ्यावर घातली. “गाडी बराबर शे भाऊ,” तो म्हणाला, “तुम्ही उलटा बशेल शेतस.” त्यानंतर आठ दिवस मी उलटं फिरवायची सवय केली. ती एवढी लागली की परवा मोटारसायकलवरून दवाखान्यात जाताना बाजार समितीत पोचलो.

राहिलं सुरू करणं. आता तुम्हाला मी काय सांगावं? हवा सोडायची लिव्हर वर धरायची, दुसऱ्याने हँडल मारायचं, इंजिनाने वेग घेतला की त्याने ‘सोड’ म्हणायचं आणि याने सोडायची. दोन माणसांचं काम. आपल्या घरात हँडल तुमचं आणि लिव्हर माझी, हे ठरलेलं होतं. मी लोहाराकडून दुसरं हँडल करून आणलं. जामसिंग ते मारायला तयार नाही, म्हणतो माझा धंदा मनगटावर आहे. हितेंद्रने मारून बघितलं, पण तो ‘सोड’ कधी म्हणायचं ते मलाच विचारतो. सहा-सात वेळा लालजी खोकला, धुराचा एक गोळा टाकला आणि गप्प झाला. आई ओसरीवरून बघत होती. मग ती उठून आत गेली.

आता धुळ्याचं. (होय, मी धुळ्याला दोनदा येऊन गेलो आणि तुमच्याकडे आलो नाही. जरा कामं होती.) महामार्गाला लागून प्रेमराजशेठ म्हणून एक जुन्या ट्रॅक्टरांचे भाग विकतात. पहिल्या खेपेला, ज्येष्ठात, शेठ जेवायला गेले होते. बाहेर भिंतीला टेकून आपल्या मापाचं मागचं चाक दिसलं. मी शेठाणीशी बोललो, टेम्पोत टाकलं आणि निघालो. घरी धुताना त्यावर खडूने काहीतरी लिहिलेलं दिसलं, पण तोवर अर्धं पुसलं होतं. दुसऱ्या खेपेला, गेल्या बुधवारी, बॉनेट बघायला गेलो तर शेठाणीने चाक नेणारा तो हाच असं सांगितलं आणि शेठ उठूनच उभे राहिले. म्हणाले, ते चाक एका गिऱ्हाइकासाठी बाजूला काढून ठेवलं होतं, वर नावही घातलं होतं. देवपुरातले एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्याकडे बॉनेट आहे, स्टिअरिंग आहे, पुढचा आस, सीट सगळं आहे, फक्त इंजिन नव्हतं आणि एक चाक नव्हतं. चाक गेल्याचं कळल्यावर त्यांनी दुकानात उभं राहून अर्धा तास शिस्त या विषयावर सगळ्यांना ऐकवलं. शेवटी शेठनी त्यांना दुसऱ्या कोणाच्या ट्रॅक्टरचं इंजिन शोधून दिलं, ते पोळ्याच्या आधी बसणार आहे. आणि मग शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, “तीस वर्षं या धंद्यात आहे. एका चाकाची गिऱ्हाइकं मी दोनच बघितली. एक ते आणि एक तुम्ही.” दोघांनी भेटावं, दोघांचंही काम होईल, असं त्यांचं मत पडलं. गुरुजींचा स्वभाव जरा तिरसट आहे, पण माणूस आतून चांगला आहे, असंही म्हणाले आणि कार्डाच्या मागे नंबर लिहून दिला. नंबर मला पाठ होता.

देवपुरात असे कोण गुरुजी असतील, मला काही कल्पना नाही. तुम्ही तिकडे एवढी वर्षं आहात, तुमच्या ओळखीचे असतील तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

पत्र फार लांबलं. वहिनींना नमस्कार, शेवग्याला शेंगा धरल्या की कळवा. तब्येतीला जपा, पायऱ्या सावकाश उतरा, आणि माझं काही चुकलंमाकलं असेल तर धाकटा म्हणून पदरात घ्या.

तुमचा आज्ञाधारक,
अभिमन

ता. क. ते चाक मीच नेलं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. खडूने ‘गुरुजी’ लिहिलं होतं. अक्षर पुसट होतं असं मी वर म्हटलंय, तसं फार पुसट नव्हतं. पण तेव्हा मला कोण गुरुजी ते खरंच माहीत नव्हतं. आणि भाऊ लालजी भंगारात घालायला घेऊन गेला, हे मी गावात सांगत फिरलो, ते मात्र मी माहिती नसताना सांगितलं. आता ज्याला ज्याला सांगितलं त्याच्या दारात जाऊन परत घ्यायला सुरुवात केलीय. सतरा घरं झाली. लोक चहा देतात, त्यामुळे वेळ लागतो.

ता. क. २. त्या बुधवारी शेठच्या दुकानातून मी रिक्षा केली आणि तुमच्या गल्लीत आलो. फाटक उघडलं नाही. कुंपणावरून बघितलं. तुम्ही निळी ताडपत्री बाजूला करून बॉनेट पुसत होता, डाव्या हाताने. रंग नवा दिलात, पण चिंचेची खोक तशीच ठेवलीत. ते बघून मी परत रिक्षात जाऊन बसलो. रिक्षावाला म्हणाला, काका, पत्ता चुकला का? मी म्हणालो, हो. स्टँडपर्यंत मी बाहेर तोंड करून बसलो होतो.

ता. क. ३. वर सुरुवातीला मला तुमच्याकडून काही नको असं लिहिलंय, ते खोडायचं राहिलं. ते परकं इंजिन बसवू नका, भाऊ. तुम्ही आबांच्या बॉनेटखाली दुसऱ्याचं इंजिन घालणार आणि मी आबांच्या इंजिनाला दुसऱ्याचं स्टिअरिंग लावणार (तेही उलटं), म्हणजे ट्रॅक्टर दोन होतील आणि आबांचा एकही नाही. पोळ्याला सव्वा महिना आहे. तुमची सगळी अर्धी बाजू टेम्पोत घालून घेऊन या. टेम्पो घेऊन हितेंद्रच येतोय, त्याने कबूल केलंय, फक्त चालवताना तो बोलणार नाही. चाकं आता माझ्याकडे दोन आणि तुमच्याकडे एक अशी तीन झाली आहेत. कोणाला काय वाटायचं ते वाटो, तिसरं मी शेठना परत करतो.

ता. क. ४. हे पत्र आईला वाचून दाखवलं. दर हिवाळ्यात ती तुमच्याकडे दोन महिने राहते, तर तुझ्या कधी काही कानावर आलं नाही का, असं विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “माले तं बठ्ठं माहित व्हतं. तुम्ही कोनी माले इचारं नही, मी कोनले सांगं नही.” म्हणजे गेल्या हिवाळ्यात ती तुमची ताडपत्री बघून आली होती आणि इकडे माझ्यासमोर सहा महिने गप्प बसली. यावर तुम्हाला काय वाटतं ते आल्यावर बोलू. मला तर तिची भीतीच वाटायला लागली आहे.

ता. क. ५. हँडल आठवणीने आणा, आपलं जुनं. आणि एक राहिलं, जे मी बावीस वर्षांपूर्वी चारचौघांत उलटं सांगितलं होतं. ब्याऐंशी साली तुम्ही हँडल बरोबर मारलं होतं. तुम्ही ‘सोड’ म्हणायच्या आत मी लिव्हर सोडली, कारण समोरून पाण्याला निघालेली मंजुळा बघत होती आणि मला ऐट दाखवायची होती. हँडलने उलटा झटका दिला आणि मनगट माझ्यापायी मोडलं. ते चारचौघांतच बोललो होतो, म्हणून पोळ्याला गावदरवाजापाशी सगळं गाव जमलं की तिथे पुन्हा बोलणार आहे, तुम्ही नको म्हणालात तरी. या वेळी हँडल मी मारतो, लिव्हर तुम्ही धरा. तुमच्याकडून घाईने सुटलीच, तर फिटंफाट.